कच्चं लिंबू कोणत्या रकान्यात लिहायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. जिंतूर तालुक्यातल्या तुमच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना तुम्ही गावातल्या खेळांची यादी करून आणायला सांगितली. यादी भरपूर आली. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, काचकवड्या आल्याच, पण त्यांच्यासोबत भातुकली, पंचमीचा झोका, फुगडी, शंकरपटाची बैलशर्यत, तीन पत्ती, मोबाइलवरचा फ्री फायरही आला, आणि एका पोरानं तर पाऊस मागायला दारोदार म्हणतात ते 'धोंडी धोंडी पाणी दे' लिहून आणलं. आता त्याची वही करायची आहे आणि तुम्हाला खेळाची एक पक्की व्याख्या हवी आहे, म्हणजे गाळणी लावून नको ते बाजूला काढता येईल.

परभणी आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून एकतीस वर्षं मी क्रीडाशिक्षक होतो. तशी व्याख्या माझ्याकडे नाही. म्हणजे एकदा होती. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका प्रशिक्षणात मला फळ्यापाशी उभं केलं आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं: 'दोन किंवा अधिक खेळाडूंनी, ठरलेल्या नियमांनुसार, जिंकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेली शारीरिक कृती म्हणजे खेळ.' मागच्या बाकावर गंगाखेडकडचे एक वयस्कर गुरुजी बसले होते. ते म्हणाले, "बुद्धिबळ?" मी 'शारीरिक' पुसलं. "भिंतीवर चेंडू मारत बसलेलं एकटं लेकरू?" मी 'दोन किंवा अधिक' पुसलं. "फुगडीत कोण जिंकतं, सर?" 'जिंकण्यासाठी' गेलं. मग म्हणाले, "काल जिल्ह्याला तुमची टीम हरली, पोरांच्या तोंडावरचा आनंद बघितला मी." आनंदही पुसला. फळ्यावर उरलं काय, तर ठरलेल्या नियमांनुसार केलेली कृती. गुरुजी उठले आणि म्हणाले, "मग लग्न हा खेळच म्हणा की." जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोक हसत होते.

त्या दिवशी वाटलं, आपला अभ्यास कमी पडला. पुढं वाचन वाढलं तेव्हा कळलं, की गुरुजींनी फळ्यावर जे केलं तेच लुडविग विटगेनश्टाइन नावाच्या तत्त्वज्ञानं कागदावर करून ठेवलंय. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये छापलेल्या लिखाणात तो म्हणतो, की सगळ्या खेळांत काहीतरी एक समान असलंच पाहिजे असं आधीच धरून बसू नका, नुसतं नीट बघा. पटावरचे खेळ बघा, मग पत्त्यांचे, मग चेंडूचे. एक गुण सापडतो तोवर दुसरा निसटतो. भिंतीवर चेंडू मारणारं एकटं पोर त्याच्याही उदाहरणांत आहे. खेळांचं नातं त्याला एका घरातल्या माणसांसारखं वाटतं. थोरल्याचं नाक आजोबांवर, धाकटीचे डोळे आत्यावर, मधल्याची चाल काकासारखी. सगळ्यांत सारखं असं एकही लक्षण नाही, तरी बाजारात बघितल्या बघितल्या माणूस म्हणतो, हे अमक्याच्या घरचं लेकरू.

विटगेनश्टाइन जर्मनमध्ये लिहीत होता, आणि जर्मनमधला 'श्पील' हा शब्द आपल्या 'खेळ'सारखाच ऐसपैस आहे. नियमांचा सामनाही श्पील, लेकरांचं बागडणंही श्पील, नाटकही श्पील. इंग्रजीत गेम वेगळा, प्ले वेगळा, स्पोर्ट वेगळा. आपण एकाच शब्दावर सगळा संसार चालवतो. पोरं कबड्डी खेळतात, बाया फुगडी खेळतात, गाव रंग खेळतं. डोंबारी खेळ करतो, थिएटरात पहिला खेळ बाराला लागतो. कुणाच्या अंगात देवी खेळते. खिशात पैसा खेळतो, वावरात पाणी खेळवतात, खोलीत हवा खेळती पाहिजे. नाथांनी तर पैठणला बसून फुगडी, हमामा, हुतूतू यांच्यावर भारुडं रचली आणि खेळाच्या तोंडून वेदान्त सांगितला. तेव्हा तुमच्या पोरांनी यादीत काही गडबड केलेली नाही. ती शब्दाच्या मागं गेली. शब्दच त्यांना झोक्यापासून जुगारापर्यंत घेऊन गेला.

पण 'व्याख्या होतच नाही' म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. मैदानावर उभं राहणाऱ्याला ते परवडत नाही. माझ्या कामाला आलेली एक व्याख्या आहे, ती अर्ध्या यादीला फार छान बसते. कॅनडात शिकवणाऱ्या बर्नार्ड सूट्स यांनी ती १९७८ मध्ये मांडली. तिचा मतलब असा: गरज नसलेले अडथळे आपखुशीनं अंगावर घ्यायचे आणि ते पार करायला धडपडायचं, हा खेळ. त्यांचं गोल्फचं उदाहरण आहे. चेंडू भोकात टाकायचा एवढंच काम असेल, तर माणूस हातात चेंडू घेऊन चालत जाईल आणि टाकून येईल. लांब काठीनं दुरून मारत बसणार नाही.

गोल्फ आपल्या भागात कोण बघतो? खो-खो घ्या. पाठलाग करणाऱ्या संघाचं काम काय, तर समोरच्या पळणाऱ्याला हात लावणं. मैदानात एका वेळी पळणारे तीन, पाठलाग करणारे नऊ. नऊ जणांनी तिघांना घेरलं तर अर्ध्या मिनिटात काम तमाम. आपण काय करतो? नवांपैकी आठांना खाली बसवतो. तेही एकाआड एक उलट्या तोंडानं. उरलेल्या एकाला सांगतो, पळ, पण एकदा दिशा धरलीस की खांबापर्यंत वळायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून नागासारखा कुठूनही निघतो. धावणाऱ्याला सगळी मोकळीक आणि पकडणाऱ्याला सगळी बंधनं. बसलेल्याला मागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, त्याच्या नाकासमोरून गडी गेला तरी. नवीन आलेली प्रत्येक पोरगी पहिल्या आठवड्यात मला हेच म्हणायची, "सर, मागं वळले असते तर धरलं असतं की!" मी म्हणायचो, धरलं असतंस, बरोबर आहे. आणि खो-खो संपला असता.

म्हणून मी मुलांना व्याख्या विचारत नाही. दोन प्रश्न विचारतो. यातला सोपा रस्ता कोणता? आणि तो कुणी बंद केला? लगोरीत पडलेल्या चिपा निवांत बसून रचता आल्या असत्या. चेंडूचा मार चुकवत रचायच्या, ही आपण लावून घेतलेली कटकट. विटी हातानं सरळ फेकता आली असती, पण ती दांडूनंच उडवायची. आता कापूस वेचायला लागा. तिथं कुणी स्वतःहून एक हात पाठीमागं बांधत नाही, सोपा रस्ता दिसला की माणूस तोच धरतो. ते काम झालं. दोन जावांनी मात्र 'ही ओळ आधी कोण संपवतं बघू, आणि बोंडात पाला आला तर ते मोजायचं नाही' असं ठरवलं, की मजुरीच्या पोटात खेळ शिरतो. मालकाला कळतसुद्धा नाही. त्याला कापूस लवकर मिळतो, एवढंच.

'आपखुशीनं' या शब्दावर मी बरीच वर्षं अडलो होतो. धाराशिवकडं खो-खो म्हणजे निव्वळ हौस नाही. त्याच भागातल्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्ण आणलं, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर मैदानावर येणाऱ्या पोरींच्या डोळ्यांतला हिशोब बदलला. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू घरातली पोरगी पहाटे पाचला मैदानावर येते, ती खो-खोच्या प्रेमापोटीच येते असं म्हणणारा माणूस एकतर भाबडा आहे नाहीतर भाषणाला उभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारतानं पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही जिंकले, तेव्हा तर गावागावांत पालकच विचारत आले. मग हे आपखुशीनं आहे का? पोट मागं लागलेलं असताना?

सूट्सचं म्हणणं इथं मला बारकाईचं वाटतं. मैदानावर का आलास, याचं कारण बाहेरचं असू शकतं. नोकरी, बापाचा धाक, सकाळचं दूध-केळी, काहीही. खेळ कुठं सुरू होतो, तर नियम पाळण्याच्या जागी. 'वळायचं नाही' हे ती का पाळते? वळायला बंदी नसती तर खो-खोच राहिला नसता, म्हणून. पंच बघत नसताना, सरावातसुद्धा, स्वतःहून "सर, फाऊल झाला माझा" म्हणणाऱ्या पोरी मी बघितल्या आहेत, आणि त्या नोकरीसाठीच आलेल्या होत्या. उलट हौसेनं आलेली काही पोरं पहिल्या बादवरच चेंडू घेऊन घरी गेली.

ही घरी जाणारी जमात मोठी महत्त्वाची आहे. योहान हायझिंगा या डच अभ्यासकानं १९३८ मध्ये लिहून ठेवलंय, की फसवणारा गडी खेळ मान्य करून फसवत असतो, पण खेळ मोडणारा गडी त्या रिंगणालाच मानत नाही, म्हणून लोक लबाडाला सोडतात आणि खेळमोड्याला सोडत नाहीत. आपल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला शिव्या मिळतात, पण उद्या तो पुन्हा घेतला जातो. "जा, मला नाही खेळायचं" म्हणून भर डावात निघून गेलेल्याला चार दिवस कुणी हाक मारत नाही.

आता जिथं सूट्सची गाडी अडते ते सांगतो. सापशिडीत अडथळा कोणता आणि धडपड कोणती? फासा पडेल तसं घर मोजायचं. माणसाच्या हाती काहीच नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेनं जोडलेल्या मोक्षपटात तर तेच सांगायचं असतं, की पाप-पुण्याच्या हिशोबात तुझं काय चालतं ते बघ. तरी सापशिडीला खेळ नाही म्हणालात तर तुमच्याच वर्गातली पोरं तुम्हाला वेड्यात काढतील. झोक्यात पार काय करायचं? भातुकलीत जिंकायचं कुणी? मातीची भाकरी मातीच्या तव्यावर भाजायला कुठला नियम? रॉजे कैय्वा या फ्रेंच लेखकानं १९५८ मध्ये खेळांचे चार घर केले: चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ. त्यात हे सगळं बसतं. भातुकली सोंगात, सापशिडी नशिबात, फुगडी आणि झोका भोवळीत. पंचमीला कडुलिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर पोटात जो खड्डा पडतो, त्याचं नाव भोवळ. पण ही वर्गवारी झाली. व्याख्या नाही झाली. मल्लखांबाचा तिढा आणखी वेगळा. तिथं तुम्ही पंचांसमोर काही सादर करता. पुढं १९८८ मध्ये सूट्सनी स्वतःच कबूल केलं, की जिम्नॅस्टिक्स आणि पाण्यातल्या उड्या या क्रीडा असल्या तरी त्यांच्या अर्थानं खेळ नव्हेत, ती सादरीकरणं आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यामुळं.

पण या सगळ्या विद्वानांना मी आपलं कच्चं लिंबू दाखवलं असतं. काही गावांत दूधभात म्हणतात. तुम्ही रोज बघत असाल. मोठ्या बहिणीच्या फ्रॉकला धरून चार वर्षांचं लेकरू येतं. बहिणीला ते सोडता येत नाही, इतरांना ते नको असतं. मग ठरतं, "हे कच्चं लिंबू." आता ते सगळ्यांसोबत पळतं, लपतं, ओरडतं. त्याला कुणी शिवलं तर ते बाद होत नाही, त्याच्यावर डाव येत नाही. ते खेळतंय, पण खेळात नाही. आणि हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्याला नसतं. किंवा असतं, पण त्याचं त्याला काही वाटत नाही.

मानवतजवळच्या एका शाळेत अशी एक पोरगी होती, पहिलीच्याही खालची, सातवीतल्या भावासोबत यायची. पूर्ण उन्हाळा ती कच्चं लिंबू होती. जूनमध्ये शाळा उघडली, पोरं शिवाशिवी खेळत होती, कुणीतरी तिला शिवलं आणि सवयीनं पुढं गेलं. ती जागेवर थांबली. भावाला विचारलं, "मी बाद का नाय?" भाऊ म्हणाला, तू लहान आहेस. ती मैदानाच्या मधोमध बसली आणि भोंगा पसरला. शेवटी पोरांनी विचार करून तिला बाद दिलं. ती बाहेर जाऊन माझ्या खुर्चीपाशी बसली, तोंड भरून हसत. शिवाशिवीच्या नियमात त्या दिवशी एका अक्षराचाही फरक पडला नव्हता. तीच पळापळ, तेच मैदान. फळ्यावर मी लिहिलेल्या व्याख्येत तिची ना मेची जागा होती, ना जूनची.

व्याख्येची खरी गरज पडते ती कोर्टाला आणि कचेरीला, आणि तिथंही ती कामापुरतीच करतात. रमीचा निकाल बघा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं कुठलं टाकायचं याचं कसब लागतं, म्हणून ती प्रामुख्यानं कौशल्याची. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. खटला कुठल्या कायद्याखाली होता माहीत आहे? हैदराबाद जुगार कायदा. म्हणजे ज्या निजामी मुलखात आपले आजोबा १९४८ पर्यंत राहत होते तिथलाच तो कायदा. पुढं अनेक वर्षं ऑनलाइन रमीवाल्यांनी याच 'कौशल्या'चा आधार घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यानं तो वादच बाजूला ठेवला: कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळायचं असेल तर बंद. ई-स्पोर्ट्सला वेगळी जागा दिली. खेळ म्हणजे काय हे कायद्यानं ठरवलं नाही. पैसा कुठं जातो ते बघितलं. आमच्या ओळखीतल्या दोन घरांतली जमीन मोबाइलवर गेलेली मी बघितली आहे, त्यामुळं मला तरी ही काटछाट बरी वाटते.

शंकरपटाचंही तसंच. २०१४ मध्ये बंदी आली, २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो वैध ठरवला. सगळी चर्चा बैलाच्या हालावर आणि परंपरेवर. बैल खेळतो का, हे कुणी विचारलं नाही. सूट्सच्या हिशोबानं गाडीवान खेळतो आणि बैल नुसता पळतो, कारण 'या रेषेच्या आत' हे त्यानं कधी मान्यच केलेलं नसतं. बैलवाल्यांपुढं हे म्हणायची माझी हिंमत नाही.

तेव्हा तुमच्या वहीचं असं करा. व्याख्या लिहू नका आणि आत्ता काही गाळू नका. प्रत्येक नावापुढं मुलांना पाच-सहा गोष्टी विचारायला लावा. सोपा रस्ता कोणता आणि तो बंद का? बाद कोण होतं, आणि बाद झालेल्यानं करायचं काय? डाव कुणावर हे कसं ठरतं? कच्चं लिंबू घेतात का? घेत असतील तर त्या खेळाला नक्की नियम आहेत, नाहीतर सूट कशापासून द्यायची? झोक्याला आणि भातुकलीला कच्चं लिंबू नसतं, हे तुम्हाला आपोआप दिसेल. खेळ संपतो कशानं, डाव पुरा झाला म्हणून की आईनं हाक मारली म्हणून?

खेळातले शब्द जसे बोलतात तसेच उतरवा, शुद्ध करू नका. विटीदांडूत वकट, लेंड, मुंड, नाल असं मोजतात ना, ते तेलुगूतलं ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू आहे. देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला लगेच ओळखू येतं. शुद्धलेखनाच्या नादात कुणी त्याचं एक-दोन-तीन-चार केलं तर ती वही माझ्याकडे पाठवू नका.

धोंडीला स्वतंत्र पान द्या. कडुलिंबाचा पाला अंगाला गुंडाळलेलं पोर, मागं ओरडणारी टोळी, दारादारांत डोक्यावर ओतलेलं पाणी आणि झोळीत पडणारं पसाभर धान्य. १९७२ च्या दुष्काळात मी त्या टोळीत होतो. आम्हाला ती चंगळ होती, भिजायला मिळायचं. पाणी ओतणाऱ्या बायांकडं तेव्हा मी बघितलं नव्हतं. तांब्याभर पाणी त्या वर्षी कुठून आणत असतील, हे आता सुचतं. त्या पोराला सांगा, आजीला विचारून ये, की ती टोळीत होती की दारात, आणि दोन्ही जागी तिला ते काय वाटलं.

फ्री फायरचं पान पोरांनाच लिहू द्या, त्यात तुमचं-माझं काही चालणार नाही. आणि तीन पत्तीचं पान वही शिवायच्या आधी मुख्याध्यापकांना दाखवून घ्या. नंतर दाखवलंत तर व्याख्या तुम्हाला द्यावी लागेल.